सातपुड्यातली ढोलीची झाडे तोडू नका : वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय, स. न. वि. वि.

फाल्गुन-चैत्रात तोरणमाळचा घाट चढलात तर दोन्ही अंगांचे जंगल वाळून गेल्यासारखे दिसेल. सालई, धावडा, मोई, सगळे उघडे. चांदोलीच्या सदाहरित रानातून आलेल्या माणसाला वाटेल, इथे काय उरले आहे, खड्डे खणून रोपे लावा. पण हे जंगल मेलेले नाही. पाऊस चार महिन्यांचा, त्यामुळे ही झाडे पाने टाकून पाणी राखतात. पाने गेली की ऊन थेट जमिनीवर पोहोचते आणि सरडे, सापसुरळ्या उन्हाला बाहेर येतात. त्यांच्यावर जगणारा पक्षी उघड्या फांदीवर बसून भरदिवसा शिकार करतो. तो म्हणजे रानपिंगळा, एक छोटे घुबड.

या पक्ष्याने खान्देशचे नाव जगभर नेले. 1873 मध्ये पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. खान्देशात नमुने गोळा करणाऱ्या डेव्हिडसन यांना तो 1884 मध्ये मिळाला आणि त्यानंतर कोणालाच नाही. गुजरातमधील मांडवीची 1914 सालची एक नोंद तेवढी होती, तीही खोटी निघाली. मेनर्ट्झहॅगन या इंग्रज अधिकाऱ्याने संग्रहालयातून डेव्हिडसन यांचाच जुना नमुना चोरला, त्यात नव्याने भुसा भरला आणि आपल्या नावावर खपवला. त्या एका लबाडीपायी शोध चुकीच्या जागी होत राहिला. अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती उघडकीस आणली आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला, तो आमच्या शहादा परिसरात. 113 वर्षांनी! पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट इथेही तो आढळला. आजही तो संकटग्रस्त यादीत आहे.

रानपिंगळा स्वतः ढोली कोरत नाही. सुतार पक्ष्याने सोडलेल्या किंवा फांदी मोडून कुजत गेलेल्या पोकळीत तो अंडी घालतो. अशी पोकळी जाडजूड, वय झालेल्या झाडातच होते आणि तिला अनेक दशके लागतात. अशा पोकळीसाठी इतर पक्ष्यांशीही स्पर्धा असते. म्हणून माझी मागणी रोपांची नाही. लाखभर रोपे लावल्याचा आकडा अहवालात चांगला दिसतो, पण त्यातल्या एकाही रोपाला तुमच्या-माझ्या हयातीत ढोली होणार नाही.

सातपुड्यासाठी पुढची कार्य आयोजना, म्हणजे जंगलातल्या कामांचा वन विभागाचा आराखडा, मंजूर करण्याआधी लेखी आदेश काढा : वाळलेले, पोकळ, किडके म्हणून एकही जुने झाड तोडीसाठीच्या मार्किंगमध्ये येणार नाही. विरळ, उघड्या जंगलात सागाचे दाट रोपवन होणार नाही. सलग सावली झाली की जमिनीवरचे ऊन जाते आणि पक्ष्याची शिकारही.

यावल अभयारण्यातल्या अतिक्रमणाबद्दल मी इथे फार लिहीत नाही, ते तुमच्या टेबलावर आहेच. एवढेच सांगतो की पावरा, भिल्ल, तडवी या आदिवासींना सरसकट गुन्हेगार ठरवून जंगल वाचणार नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला आहे. कोणत्या सालईत ढोली आहे, हे गुरे चारणाऱ्या पोराला नकाशाशिवाय ठाऊक असते. अशा तरुणांना पगार द्या, ढोलीच्या झाडांची नोंद त्यांच्याकडून करून घ्या, वणव्याच्या दिवसांत त्यांनाच पहाऱ्यावर ठेवा. उभ्या झाडाच्या पोकळीत आग शिरली की ते झाड आतून जळते. अंडी-पिल्लांचा हंगाम आणि वणव्याचा काळ काही अंशी एकच आहे.

ढोलीच्या झाडांची ही नोंद येत्या दिवाळीनंतर, विणीच्या हंगामात सुरू करता येईल. त्यासाठी नवी योजना लागत नाही, तुमची एक सही लागते. ती कधी होणार, हे शहादा-धडगावच्या ग्रामसभांना कळवावे, ही विनंती.

आपला,
शहादा तालुक्यातील एक रहिवासी