घड्याळाचं चित्र दवाखान्यातच काढून घ्या

माझी आई चाळीस वर्षं गिरगावातल्या एकाच चाळीत राहिली. दोन वर्षांपूर्वी भाजी घेऊन आली आणि शेजारच्यांच्या दाराला आपली किल्ली लावत उभी राहिली. त्याआधी आमटीत दोनदा मीठ, सलग तीन दिवस कोथिंबिरीच्याच जुड्या. आम्ही हसलो. डॉक्टरही 'वय झालं' म्हणाले. अल्झायमरचं निदान व्हायला पुढे दीड वर्ष गेलं.

घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा, ही चाचणी कागद-पेन्सिलीवर पाच मिनिटांत होते. आईने सगळे आकडे उजव्या बाजूलाच दाटीवाटीने लिहिले. (मला तिथेच रडू आलं.) यावरून पक्कं निदान होत नाही, पण पुढे तपासायला हवं हे तरी कळतं. शिवाय ब-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांमुळेही विसर पडतो आणि त्यावर उपचार आहेत.

अमेरिकेत मे २०२५ मध्ये अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या रक्तचाचणीला मान्यता मिळाली. ती आपल्याला परवडेल तेव्हा परवडेल. तोवर महापालिकेच्या 'आपला दवाखाना'मध्ये साठीपुढच्यांचा रक्तदाब, साखर बघतानाच हे घड्याळही काढून घ्यायला काय हरकत आहे? आणि सोबत आलेल्या सुनेला, मुलालाही दोन प्रश्न विचारा. रुग्ण बऱ्याचदा 'मला काही झालेलं नाही' असंच सांगतो. आई अजूनही सांगते.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई