दहावा मॉप

महोदय,

मी ३१ वर्षे ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते. एकदा पोट शिवण्याआधी मॉप (रक्त टिपायच्या कापडी घड्या) मोजले, तर दहातले नऊच भरले. सर्जन वैतागले, ‘पुन्हा मोजा.’ मोजले, नऊच! दहावा यकृतामागे सापडला, रक्तात भिजून गोळा झालेला.

अशा चुका टाळण्यासाठीची जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची शस्त्रक्रिया-सुरक्षा यादी २००८ची. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले. आता मात्र काही ठिकाणी भूल देण्याआधीच यादीतले तिन्ही टप्पे (भुलीआधी, चीर देण्याआधी, पेशंट थिएटरबाहेर नेण्याआधी) टिक करून कागद फाइलला लावतात, असे जुन्या मैत्रिणी सांगतात. (तपासणीला तेवढा पुरतो म्हणे!) चीर देण्यापूर्वी पेशंटचे नाव, ऑपरेशन, बाजू मोठ्याने म्हणायला मिनिटभर लागते. तेवढा वेळ ऑपरेशन थांबवून ठेवण्याचा अधिकार सिस्टरला लेखी द्या.

– एक निवृत्त परिचारिका, सांगली