डिलेड ट्रिगरवरून भांडणं होतात, रविवारच्या पानावर जागा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतलं बुद्धिबळाचं कोडं आमच्या गावातले पोट्टे कापून ठेवतात, म्हणून तुम्हालाच लिहितो. उन्हाळ्यात पुण्या-नागपूरकडचे भाचे-पुतणे मॅजिक द गॅदरिंगची कार्डं घेऊन येतात अन् ओसरीवर डाव बसला की भांडण ठरलेलं, अन् ते बहुतेक डिलेड ट्रिगरवरूनच, म्हणजे आता उभी झालेली पण पुढं ठरल्या वेळी लागू होणारी अट. मोठी माणसं म्हणतात पत्तेच ते, जुगार आहे. मले हे बिलकुल पटत नाही. १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड या गणितात पीएचडी केलेल्या माणसानं काढलेला खेळ आहे हा, आमच्या पोरांना तो झेपते, फक्त नीट समजावून सांगणारं कोणी नाही.

आता स्नीक अटॅक हे कार्ड घ्या. ते मैदानात असलं अन् एक लाल माना (खेळात खर्चायचं बळ) दिला की हातातलं कितीबी मोठं क्रीचर (लढणाऱ्या प्राण्याचं कार्ड) थेट मैदानात उतरते, लगेच हल्ला करते, पण पुढच्या एंड स्टेपच्या (पाळीच्या शेवटाकडचा टप्पा) सुरुवातीला ते सॅक्रिफाइस करावं, म्हणजे आपणच बळी द्यावं लागते. समोरच्यानं मधातच स्नीक अटॅक फोडलं तर पोट्टे म्हणतात कार्डच गेलं, आता क्रीचर काहून द्यायचं? द्यावंच लागते! क्रीचर उतरलं तेव्हाच ती अट वेगळी उभी झाली, आता तिचा त्या कार्डाशी संबंध उरला नाही. कापसाच्या जिनिंगमधी गाठी झाल्या तरी व्यापाऱ्याकडचा चुकारा बाकी राहतेच ना, तसं.

पण ही अट त्या एका क्रीचरवर असते हे कोणी सांगत नाही. त्याचं रूप बदललं, ते क्रीचर राहिलं नाही तरी सुटका नाही. मात्र क्लाउडशिफ्ट हे कार्ड टाकून त्याला बाहेर काढलं अन् परत आणलं तर कार्ड तेच असलं तरी नियमाच्या हिशेबानं ते नवं, जुनी अट त्याला लागू नाही, खुशाल ठेवा.

खरी गंमत वेळेची आहे अन् मले हाच भाग सगळ्यात आवडते. अट एंड स्टेपच्या सुरुवातीची आहे, मग समोरच्याची एंड स्टेप सुरू झाल्यावर स्नीक अटॅक वापरलं तर सुरुवात तर होऊन गेली, ट्रिगर मागं वळून पाहत नाही, म्हणून क्रीचर तुमच्या अख्ख्या पाळीत हल्ल्याला हजर अन् तुमच्या एंड स्टेपला जाते. यात लबाडी नाही, नियमच तसा आहे. आधी जुन्या कार्डांवर नुसतं ॲट एंड ऑफ टर्न असायचं, २००९ मधे नियम बदलले तेव्हा बिगिनिंग ऑफ द एंड स्टेप असं साफ लिहू लागले, जुनी कार्डं खेळणाऱ्या पोरांना हे माहीत पाहिजे.

पॅक्ट ऑफ निगेशन या कार्डाचं तर विचारूच नका. टाकायला शून्य माना, समोरच्याचा स्पेल (त्यानं टाकलेलं कार्ड) रद्द, अन् तुमच्या पुढच्या अपकीपला (पाळीच्या सुरुवातीचा टप्पा) पाच माना, त्यातले दोन निळे, नाही दिले तर डाव हरले. कार्ड तवापर्यंत ग्रेव्हयार्डमधी (वापरून झालेल्या कार्डांचा ढीग) पडलेलं असते तरी. अन् हे एकदाच होते, दर अपकीपला नाही. इथंबी वाद होतात, कारण असा ट्रिगर एकदाच लागते, धिस टर्नसारखी मुदत लिहिली असेल तरच पुन्हा पुन्हा.

मोबाईलवर मॅजिक अरेनात हे सारं आपोआप होते, म्हणून पोरं खेळतात पण काहून झालं ते विचारत नाहीत, अन् खरी कार्डं हातात आली की ट्रिगर विसरतात. कार्डावर व्हेन, व्हेनेव्हर किंवा ॲट हे वाक्याच्या मधात आलं की थांबा अन् नीट वाचा, एवढी सवय लागली तरी अर्धे वाद मिटतील. कार्डं मराठीत निघत नाहीत, तुम्ही कोड्याच्या बाजूला दोन बोटं जागा दिली तर दर रविवारी एक नियम, एक उदाहरण असं लिहून पाठवायची माझी तयारी आहे, मानधन नको.

आपला,
एक वाचक
ता. दर्यापूर, जि. अमरावती