डबा आजीच्या मांडीवर देऊ नका

श्टुटगार्ट, शुक्रवार दुपार

ती. आई-बाबा, आजी आणि मने,

साष्टांग नमस्कार. रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं बाबा म्हणणारच. ऑफिसातली एक मुलगी मुलुंडला घरी चाललीय, तिच्याबरोबर डबा पाठवतेय. डब्यातल्या वस्तूबद्दल फोनवर सांगायला घेतलं की आई मध्येच ‘जेवलीस का’वर येते, म्हणून लिहून पाठवते. आई, जेवले.

आधी कामाचं. डबा आजीच्या मांडीवर देऊ नका. वरून बिस्किटांचा दिसतो, पण आत फ्रिजला लावायची एकसष्ट मॅग्नेट आहेत, मनीच्या रुखवताची. प्रत्येकामागे नखाएवढं चुंबक आहे, निओडिमियमचं, आणि पेसमेकरपासून ते वीतभर लांबच हवं. आजी, एकेक टेबलावर मांडून बघ, फक्त छातीशी धरू नकोस. आणि चिनू आला की डबा माळ्यावर. असली दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना ओढतात, सरळ ऑपरेशनच करावं लागतं.

मने, तू म्हणाली होतीस, ‘ताई, आईची सुपाऱ्यांची सप्तपदी आहे, मावशीचं तोरण आहे, तुझं काय?’ हे माझं. सहा सेंटिमीटरच्या लाकडी चकत्या. पॉलिश पेपरने घासायच्या, पांढऱ्या प्रायमरचे दोन हात, मग अ‍ॅक्रिलिक. लाल रंग एका हातात कधीच बसत नाही. ठिपके टूथपिकच्या टोकाने. त्यासाठी रंग दह्यासारखा लागतो, ताकासारखा झाला की पसरतो. कोयऱ्या आहेत, गोपद्मं आहेत, मासुंदा तलावातलं शंकराचं देऊळ आणि एक बोट आहे. १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी बाबांसाठी काढली. चौदा डबे होते तिला, माझ्या चकतीवर दोनच मावले. वारलीतला तारपा नाच आहे. लग्नाचा चौक मात्र काढला नाही. त्यात पालघट देवी असते, तिला फ्रिजवर चिकटवून खाली दूधवाल्याचा हिशोब लावायचा, हे काही मनाला पटेना.

आता इथल्या फ्रिजचं ऐका, कारण हे मला दोन वर्षांत अजून पचलेलं नाही. इथे घर भाड्याने घेतलं की बहुतेक वेळा त्यात स्वयंपाकघर नसतं. खोली असते. भिंतीतून नळाचं तोंड बाहेर आलेलं आणि शेगडीसाठी एक जाड वायर लोंबतेय, बस्स. ओटा, कपाटं, सिंक, सगळं आधीचा भाडेकरू उचलून नेतो. हो आई, सिंकसुद्धा. छताचे दिवेसुद्धा. नव्या घरात नेऊन तो ते पुन्हा बसवतो, आणि तिथला ओटा लांबीला कमी पडला तर करवतीने कापतो. नाहीतर पुढच्याला विकतो. मी माझं स्वयंपाकघर असंच आधीच्या बाईंकडून घेतलं, त्याची वेगळी पावतीही आहे. त्यात फ्रिज आहे, पण दिसत नाही. त्याच्या दाराला बाहेरून कपाटासारखी लाकडी फळी लावलेली. पहिल्या आठवड्यात मी चहाचे कप शोधायला दार उघडलं आणि आत दही. अशा फ्रिजवर मॅग्नेट काय चिकटणार!

म्हणून मी पहिली अकरा हीटरवर लावली. तो पत्र्याचा असतो, छान बसली. गेल्या आठवड्यात थंडी पडली, हीटर सुरू झाला आणि रात्री टप्प टप्प आवाज. ग्लू गनचा गोंद उष्णतेने मऊ पडला होता. चुंबकं हीटरवर जागच्या जागी, चित्रं खाली. गाडीचा कोपरा उडालाय, बाबा, सॉरी. त्यानंतर सगळी चुंबकं घासून खरखरीत केली आणि तुमच्यासारखी, दोन ट्यूबा कालवून, एपॉक्सीने बसवली. आता नाही निघायची. मने, ऐरोलीचा नवा फ्रिज काचेच्या दाराचा असेल तर तिथे काही चिकटणार नाही, आधी बघून घे.

बाबा, मॅग्नेटने फ्रिज जास्त वीज खातो हा तुम्ही पाठवलेला मेसेज वाचला. फ्रिजच्या दाराच्या रबरातच चुंबकाची पट्टी असते, त्यावरच ते बंद राहतं. तो मेसेज पुढे कोणाला पाठवू नका. व्हार्निश लावताना खिडकी उघडते. डोळे ठीक आहेत. खोकला गेला. आई, विकायचा विषय काढू नकोस, माझा परवाना नोकरीचा आहे, धंद्याला वेगळी परवानगी लागते.

आणि एवढं सगळं करायला वेळ कुठून, हे आजीने बरोब्बर विचारलं होतं, तेव्हा मी विषय बदलला. शुक्रवारी मी घरून काम करते असं सांगितलं होतं. करत नाही. जुलैपासून आमच्या विभागाला चारच दिवस काम आहे. नोकरी गेलेली नाही, जाणारही नाही. ऑर्डरी कमी झाल्या की इथे माणसं काढण्याआधी तास कमी करतात, कुर्त्सआर्बाइट म्हणतात त्याला, आणि हातात येणारा जो पगार बुडतो त्याचे ६० टक्के सरकार भरून देतं. म्हणजे शंभरातले आठेक रुपये जातात. हिशोब तीनदा केलाय. आधी सांगितलं असतं तर बाबा एफडी मोडायला निघाले असते.

त्यामुळे हॉलचे उरलेले पैसे एकदम न पाठवता दोनदा पाठवते, अर्धे या महिन्यात, अर्धे नोव्हेंबरात. हॉलवाल्यांना चालतं का ते बाबा विचारा, नाही चाललं तर मला कळवा, तुम्ही भरू नका. तिकीट हळदीच्या सकाळचं मिळालंय. केळवणं चुकणार, मने. शुक्रवार रिकामे असताना रजा का नाही, हे मलाही साहेबांना विचारायचंय.

डोंबिवलीच्या लोकांना यंदा नको म्हणून सांग, आई. मुलगा चांगला असेल. पण मी तिथे चार दिवस असणार, त्यातला एक त्यांच्या चहापोह्यांना द्यायचा नाहीये मला.

कोपरा उडालेली गाडी रुखवतात मांडू नका. ती आपल्या फ्रिजला, लाइटबिल अडकवायला.

तुमची,
ताई

ता. क. शुक्रवारचं आत्याला सांगू नका.