मिलिवॅट खरे, पण किती ओहमवर?

संपादक महोदय,

बर्डीच्या बाजारात हल्ली खिशात मावणारे हेडफोन ॲम्प (हेडफोनचा आवाज वाढवणारी छोटी यंत्रे) सर्रास मिळतात. खोक्यावर ‘३०० मिलिवॅट’ ठळक असते. किती ओहमवर (ओहम म्हणजे हेडफोनचा विद्युत विरोध), ते बारीक अक्षरांत, नाहीतर नसतेच. ३२ ओहमवर ३०० मिलिवॅट म्हणजे जेमतेम ३.१ व्होल्ट. तेवढ्याच व्होल्टला ३०० ओहमच्या हेडफोनला फक्त ३२ मिलिवॅट मिळतात.

आधी हेडफोनची संवेदनशीलता, म्हणजे एका मिलिवॅटवर तो किती डेसिबल आवाज देतो, ते बघावे. गाण्यातल्या क्षणिक उंच ठोक्यांसाठी ११० डेसिबल धरा (सतत इतके ऐकाल तर कान जातील). ३०० ओहम, ९७ डेसिबल प्रति मिलिवॅट असलेल्याला २० मिलिवॅट, म्हणजे अंदाजे २.४५ व्होल्ट हवेत. एक व्होल्टच्या डोंगलवर (फोनला हेडफोन जोडायच्या छोट्या जोडणीवर) तो १०२ डेसिबललाच अडतो. ३२ ओहम, ९० डेसिबलच्या प्लॅनर (सपाट पडद्याच्या) हेडफोनला व्होल्ट १.८ पुरतात, पण करंट ५६ मिलिॲम्पिअर लागतो. दुबळा ॲम्प तिथे आवाज फाडतो.

उलट १६ ओहम, ११० डेसिबलच्या इअरफोनला एकच मिलिवॅट पुरे. त्याला दांडगा ॲम्प लावला की गाणे थांबल्यावर ‘स्स्स’ ऐकू येते आणि व्हॉल्यूम पहिल्या दोन घरांतच संपतो. अशा वेळी ॲम्पवर लो गेन (आवाज कमी वाढवणारी सोय) निवडा. ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्सही (त्याचा स्वतःचा विरोध) दोन ओहमच्या आत असावा, नाहीतर बास बिघडू शकतो.

काही कंपन्या संवेदनशीलतेचा आकडा प्रति मिलिवॅटऐवजी प्रति व्होल्ट छापतात. ३२ ओहमच्या हेडफोनला त्यातून १५ डेसिबल वजा करा, मगच तुलना करा. दुकानदारांनी निदान ओहम तरी सांगावेत!

– एक वाचक, धंतोली, नागपूर