प्रेमकथांच्या मांगा मालिकांना तारे देताना

महोदय,

कोवळ्या वयातल्या प्रेमावरच्या मांगा (जपानी चित्रकथा) मालिकांना पहिल्या दोन-तीन प्रकरणांवरून तारे देण्याची घाई होते, आणि त्यात चांगल्या मालिकांवर अन्याय होतो. मासिकात येणाऱ्या मालिकेच्या एका खंडात साधारण चार-पाच प्रकरणे असतात. निदान तीन खंड वाचल्याशिवाय आकडा देऊ नये. कारण या कथांचा खरा कस प्रेमाच्या कबुलीनंतर लागतो. 'किमी नी तोदोके' ही मालिका २००५ ते २०१७ चालली, ३० खंड झाले. तिथे नायक-नायिकेची कबुली निम्म्या वाटेच्या आधीच होते, आणि पुढे नाते निभावण्याची धडपड सुरू होते. कबुलीपाशी थांबणाऱ्याने नेमके काय वाचले?

चौकटी उजवीकडून डावीकडे वाचायच्या, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण बिनसंवादाच्या चौकटी भराभर उलटल्या जातात. आडनावाने हाक मारणारा मुलगा एके दिवशी पहिल्या नावाने हाक मारतो, पुढच्या चौकटीत फक्त तिचे थबकलेले हात दिसतात. जपानीत एवढ्याने नात्याची पायरी बदलते. भाषांतरात सुरुवातीपासूनच पहिले नाव वापरले असेल, तर हा क्षण पुसलाच जातो. तो दोष भाषांतराचा. त्यासाठी मूळ कथेचे गुण कापू नयेत.

गैरसमज लांबले तर मात्र गुण जरूर कापावेत. एका वाक्याने मिटणारा घोळ दोन खंड ताणणे ही लेखनातली ढिलाईच.

– एक वाचक