ही वयाची झीज नव्हे

आरोग्य पुरवणीतील संधिवातावरचा लेख वाचला. रुमॅटॉइड संधिवातात हाडे ‘वयोमानाने झिजतात’, हे त्यातील विधान पटले नाही. या आजारात आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी सांध्याच्या अस्तरात जमतात. त्यांतील टी आणि बी पेशी ‘रँकएल’ हे प्रथिन तयार करतात आणि त्याच्या इशाऱ्यावर हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी वाढतात. टीएनएफ व आयएल-१७ ही दाहक प्रथिने त्यात भर घालतात. हे तिशी-चाळिशीतही घडते. हाडांची हानी अनेकदा पहिल्या २ वर्षांतच एक्स-रेमध्ये दिसू लागते. अशा रुग्णाला केवळ कॅल्शियमच्या गोळ्या सुचवणे मला धोक्याचे वाटते, कारण प्रतिकारशक्तीचा हा हल्ला आटोक्यात आणणारी मेथोट्रेक्झेटसारखी औषधे वेळेत सुरू करण्याची संधी त्यात हुकते.